पहाटे तीनला हात झटकणाऱ्यांसाठी



मध्यरात्री अचानक जाग येते. हात दगडासारखा जड झालेला असतो. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर, वरून मुंग्या. तुम्ही उठून बसता, हात दोन-चार वेळा जोरात झटकता, पाच मिनिटांत बरं वाटतं आणि परत आडवे होता. सकाळी चहा टाकेपर्यंत विसरूनही जाता.

असं वर्षातून दोनदा झालं तर सोडून द्या. हात अंगाखाली आला की कुणालाही होतं. पण आठवड्यातल्या तीन-चार रात्री अशाच जात असतील, आणि दिवसाही स्कूटर चालवताना, फोन कानाला लावून बोलताना किंवा पुस्तक धरून वाचताना बोटं बधिर होत असतील, तर आजचं सदर तुमच्यासाठी आहे. तुम्हाला यातलं काही होत नसेल तर घरातल्या त्या व्यक्तीसाठी वाचा, जी विचारल्यावर "काही नाही गं, वाताचं आहे" म्हणून पोळ्या लाटायला लागते.

या त्रासाचं नाव कार्पल टनेल सिंड्रोम. नाव तुम्ही ऐकलं असेल. ऐकलेली नसते ती त्याची चाचणी. डॉक्टर चिठ्ठीवर एनसीव्ही किंवा एनसीएस लिहितात, म्हणजे नर्व्ह कंडक्शन. पेशंट मात्र तिला 'करंटची टेस्ट' किंवा 'शॉकची टेस्ट' म्हणतात, आणि त्या नावाला घाबरूनच कितीतरी जण चिठ्ठी पर्समध्ये ठेवून देतात. तर आज ती चिठ्ठी बाहेर काढूया.

मनगटातला बोगदा

आपण मराठीत 'नस' हा शब्द फार सैल वापरतो. रक्ताची शीर असो की मेंदूचे निरोप नेणारा मज्जातंतू, दोन्ही आपल्यासाठी नसच. इथे आपण मज्जातंतूबद्दल बोलतोय. तळहाताच्या बाजूने मनगटात एक अरुंद बोगदा असतो. तळाला छोट्या हाडांची कमान आणि वरून एक जाड, न ताणणारा पट्टा. या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा जातात, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या समजा. त्यांच्याबरोबर एकच नस जाते. तिचं नाव मीडियन नर्व्ह.

कंडरांची आवरणं सुजली किंवा शरीरात पाणी साठलं की बोगद्यातली जागा कमी होते. हाड सरकत नाही, पट्टा ताणत नाही, कंडरा टणक असतात. चेपली जाते ती मऊ नस. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी चक्क मनगटात बारीक नळी घालून हा दाब मोजला होता. मनगट सरळ असताना निरोगी लोकांत तो पाऱ्याच्या मापाने सरासरी २.५ मिलिमीटर होता, त्रास असलेल्यांत सरासरी ३२. मनगट पूर्ण वाकवलं की त्रास असलेल्यांत तो ९० च्या वर जात होता. झोपेत आपण हात मुडपून, मनगट दुमडून झोपतो. त्या वेळी नसेला रक्त नीट मिळत नाही, म्हणून त्रास रात्री जास्त. हात झटकल्यावर बरं वाटतं तेही यामुळेच, मनगट सरळ होतं. डॉक्टर तर पेशंटला विचारतातच, "रात्री उठून काय करता?" पेशंटने काही न बोलता हात झटकून दाखवला की त्यांचं निम्मं निदान झालेलं असतं.

आता बोटं मोजा. मीडियन नर्व्ह अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू सांभाळते. करंगळी तिच्या हद्दीत येत नाही. करंगळीकडे अल्नर नावाची दुसरी नस जाते. कोपर दाराला आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, ती हीच. म्हणून पुढच्या वेळी रात्री जाग आली की दिवा लावून नक्की कोणती बोटं बधिर आहेत ते बघा आणि फोनमध्ये लिहून ठेवा. डॉक्टरांना "हात दुखतो" यापेक्षा या नोंदीचा दसपट उपयोग होतो.

कुणाला होतो?

पुरुषांपेक्षा बायकांना जास्त, आणि मधल्या वयात जास्त. थायरॉइड कमी असणं, मधुमेह, आमवात, वाढलेलं वजन, गरोदरपणाचे शेवटचे महिने, मनगटाचं जुनं फ्रॅक्चर ही नेहमीची कारणं. शिवाय हाताने जोर लावून तीच ती हालचाल तासन्‌तास करायची कामं, आणि थरथरणारी यंत्रं धरायची कामं.

बेंगळुरूत राहून हे लिहिताना पहिल्यांदा आयटी पार्कमधले लोक डोळ्यांसमोर येतात. इथे कुणाचंही मनगट दुखलं की लगेच कीबोर्डवर आळ येतो. पण पुरावा तेवढा पक्का नाही. २००१ मध्ये मेयो क्लिनिकमधल्या अभ्यासात कॉम्प्युटरवर भरपूर काम करणाऱ्यांत या आजाराचं प्रमाण साधारण जनतेइतकंच निघालं. २००३ मध्ये डेन्मार्कमधल्या मोठ्या पाहणीत आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त माउस वापरणाऱ्यांत थोडा धोका दिसला, पण कीबोर्डचा नाही. मनगट, मान, खांदे कॉम्प्युटरमुळे दुखतात, यात वाद नाही. त्या सगळ्याला कार्पल टनेल म्हणता येत नाही, एवढंच.

माझ्या मते या शहरात खरी काळजी दुसऱ्याच हातांची करायला हवी. पीन्या, बोम्मनहळ्ळी, म्हैसूर रोड या भागांतल्या गारमेंट कारखान्यांत शिलाई आणि दोरे कापायचं काम करणाऱ्या बायका, घरी बसून अगरबत्त्या वळणाऱ्या, के. आर. मार्केटच्या आसपास दिवसभर फुलं गुंफणाऱ्या. आणि आपल्या घरात धुणंभांडी करणाऱ्या मावशी, ज्या पिळलेली चादर दोरीवर टाकताना मध्येच हात झटकतात. त्यांनाही विचारा. गारमेंटमध्ये काम करणाऱ्यांकडे ईएसआय कार्ड असतं; ईएसआयच्या दवाखान्यात दाखवून पुढे तपासणीला पाठवण्याची चिठ्ठी मागता येते.

मान की मनगट?

बोटांना मुंग्या आल्या म्हणजे कार्पल टनेलच, असं अजिबात नाही. स्वीडनमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सर्वसाधारण लोकांपैकी १४.४ टक्के जणांनी या बोटांत दुखणं, बधिरपणा किंवा मुंग्या असल्याचं सांगितलं होतं. डॉक्टरांची तपासणी आणि नसेची चाचणी, दोन्हींत आजार पक्का ठरला तो फक्त २.७ टक्के लोकांत. बाकीच्यांचं कारण दुसरं काहीतरी होतं.

आपल्याकडे हे 'दुसरं काहीतरी' बहुतेक वेळा मान समजलं जातं. हाताला मुंग्या, चला मानेचा एमआरआय. चाळिशीनंतर एमआरआय काढला की काही त्रास नसलेल्या माणसाच्या मानेतही एखादी चकती थोडी सरकलेली दिसते. मग मानेचा पट्टा, मानेचे व्यायाम, सहा महिने ट्रॅक्शन, आणि नस मनगटात चेपलेली ती चेपलेलीच. दुसरीकडे सरसकट बी१२ ची इंजेक्शनं घेणारेही आहेत. बी१२ कमी असतं, विशेषतः शाकाहारी घरांत, हे खरं. पण त्याच्या मुंग्या सहसा दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होतात. फक्त उजव्या हाताची साडेतीन बोटं निवडून बी१२ त्रास देत नाही.

मान आणि मनगट यांत फरक करायला ही करंटची टेस्ट फार कामी येते. कारण मजेशीर आहे. बोटांकडून येणाऱ्या संवेदनेच्या तंतूंच्या पेशी मणक्याच्या अगदी बाहेर एका गाठीत बसलेल्या असतात. मानेत नस चेपते तेव्हा ती साधारणपणे त्या गाठीच्या आतल्या बाजूला, मज्जारज्जूजवळ चेपते. गाठीपासून बोटापर्यंतची तार धडधाकट राहते. त्यामुळे मानेच्या दुखण्यात बोट बधिर असूनही हातातली संवेदनेची चाचणी नॉर्मल येते. मनगटात चेपली असेल तर तीच चाचणी बिघडलेली दिसते. काही जणांना दोन्ही ठिकाणी त्रास असतो. मग एकटं यंत्र पुरत नाही, यंत्र चालवणाऱ्याची अक्कलही लागते.

सिल्क बोर्डचा हिशेब

नसेतून निरोप किती वेगाने जातो हे मोजताच येणार नाही, असं एकोणिसाव्या शतकात मोठमोठे शास्त्रज्ञ मानत होते. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या नसेवर तो मोजून दाखवला. आपल्या हातातल्या मीडियन नर्व्हचा वेग साधारण सेकंदाला ५० ते ६० मीटर. म्हणजे कमीत कमी ताशी १८० किलोमीटर, वंदे भारत गाडी ज्या वेगासाठी बांधली आहे तेवढा. नस चेपली की नेमका तोच वेग त्या जागी कमी होतो. १९५६ मध्ये जे. ए. सिम्प्सन यांनी दाखवलं की या पेशंटमध्ये निरोप मनगटापाशीच रेंगाळतो, आणि तिथून ही चाचणी निदानासाठी वापरात आली.

बेंगळुरूकरांना हे समजावणं सगळ्यात सोपं. कल्पना करा, तुम्ही होसूर रोडवरून ऑटोने निघालात आणि मध्ये सिल्क बोर्ड जंक्शन आहे. जंक्शनच्या आधी रस्ता मोकळा, नंतर मोकळा. पण एकूण वेळ वाढला. कुठे वाढला हे कसं शोधाल? प्रवासाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला किती वेळ लागला ते बघाल. चाचणीत हेच करतात. कोपरापाशी आणि मनगटापाशी नसेला विजेचा छोटा ठोका देतात आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या स्नायूपर्यंत, किंवा बोटापर्यंत, निरोप पोहोचायला किती मिलिसेकंद लागले ते यंत्र नोंदवतं. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. कोपर ते मनगट वेग चांगला आणि मनगटातून पुढे उशीर, तर जाम मनगटात आहे.

आता मुद्द्याचं. आजार जुना असेल तर हे सरळ मोजमाप पुरतं. सुरुवातीच्या आजारात मात्र उशीर इतका थोडा असतो की आकडा 'नॉर्मल'च्या चौकटीत बसून जातो. तुमची नस मुळात वेगवान असेल, तर थोडी मंदावूनही ती सरासरी माणसाइतकी दिसते. मग काय करायचं? तुमच्याच हातातल्या शेजारच्या निरोगी नसेशी तुलना करायची. तेवढंच अंतर, तोच हात, तेच तापमान, तोच माणूस. फक्त एक रस्ता सिल्क बोर्डवरून जाणारा आणि दुसरा नाही.

अनामिका यासाठी देवाने खास बनवली आहे असं वाटावं. तिची अर्धी बाजू मीडियनकडे, अर्धी अल्नरकडे. त्या बोटाला कडी लावून मनगटापाशी आधी एका नसेवर आणि मग दुसरीवर, सारख्याच अंतरावर ठोका देतात. उदाहरणच घ्या. मीडियनला ३.४ मिलिसेकंद लागले आणि त्या लॅबची मर्यादा ३.६ आहे. कागदावर सगळं छान. पण शेजारच्या अल्नरला फक्त २.८ लागले. फरक ०.६. एकाच बोटात साधारण ०.५ किंवा त्याहून जास्त फरक असला की तो संशयास्पद धरतात. तळहातावरून आठ सेंटिमीटरवर अशीच तुलना करतात आणि तिथे मर्यादा आणखी कडक असते. अंगठ्यातही करतात, तिथे मीडियनची जोडी रेडियल नावाच्या तिसऱ्या नसेशी लावतात. या तुलनेच्या चाचण्या केल्या तर साध्या चाचणीतून निसटलेले बरेच सुरुवातीचे पेशंट सापडतात. म्हणून तुमचा रिपोर्ट नॉर्मल आला आणि रात्रीचा त्रास तसाच असेल तर डॉक्टरांना शांतपणे विचारा, "तुलनेच्या चाचण्या केल्या होत्या का?" हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

खुर्चीत बसल्यावर काय होतं

मावशीच्या चाचणीला मी तिच्याबरोबर गेले होते, त्यामुळे हे जवळून पाहिलंय. तिने आदल्या रात्री मला तीनदा विचारलं की मेंदूपर्यंत करंट जातो का. जात नाही. हातातल्या नसेपुरताच तो असतो, आणि एक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळाचा.

टेक्निशियन ताईंनी आधी बांगड्या, घड्याळ, अंगठी काढायला सांगितली. हात पुसला, चिकट पॅच लावले, बोटात तारेच्या कड्या घातल्या, टेपने सेंटिमीटर मोजून पेनाने खुणा केल्या. मग मनगटावर दोन टोकांचं एक उपकरण टेकवलं आणि टक्‌. अंगठा आपोआप उडाला. मावशी दचकली आणि लगेच हसली. "नोवु इदेया?" दुखतंय का, ताईंनी कन्नडमध्ये विचारलं. मावशीला कन्नड येत नाही, तिने मराठीतच उत्तर दिलं, "मुंगी चावल्यासारखं." ताईंना ते कळलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "रिलॅक्स माडि." कोपरापाशीचे ठोके जरा जास्त लागतात, ते सांगून ठेवते. दोन्ही हात मिळून अर्ध्या-पाऊण तासात काम झालं.

कधीकधी यापुढे ईएमजी करतात. त्यात बारीक सुई अंगठ्याच्या स्नायूत घालून त्याची विद्युत हालचाल ऐकतात. ती प्रत्येकाला लागत नाही. स्नायू अशक्त वाटत असेल किंवा मानेचाही संशय असेल तेव्हा लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुईच्या आधी सांगा, गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका. पेसमेकर असेल तर तेही अपॉइंटमेंट घेतानाच सांगायचं. उपाशीपोटी जायची गरज नाही. हाताला तेल, क्रीम, मेंदीचा ताजा थर काही नको.

आणि एक गोष्ट, जी बेंगळुरूत डिसेंबर-जानेवारीत तरी नक्की लक्षात ठेवावी. थंड हातात नस हळू चालते. हाताचं तापमान एक अंशाने उतरलं तर वेग सेकंदाला साधारण दोन मीटरने कमी होतो. सकाळी सातला थंडीत स्कूटरवरून आलात, वर एसीच्या खोलीत बसलात, की चांगल्या नसाही आजारी दिसू शकतात. चांगल्या लॅबमध्ये त्वचेचं तापमान बघतात आणि ३२ अंशांच्या खाली असेल तर हात कोमट करून घेतात. तुमचे हात गार असतील तर सांगा, हातमोजे घालून जा, लाजू नका. थंडीने सगळ्याच नसा मंदावतात, कार्पल टनेलमध्ये मनगटातली एकटी मीडियन. जाणकार डॉक्टर तेही ओळखतात.

रिपोर्टवरचे दोन शब्द

रिपोर्टमध्ये आकड्यांचं जंगल असतं. तुम्ही फक्त दोन शब्द शोधा, लेटन्सी आणि अँप्लिट्यूड. लेटन्सी म्हणजे निरोप पोहोचायला लागलेला वेळ. अँप्लिट्यूड म्हणजे पोहोचलेल्या निरोपाचा जोर.

मोबाइलची चार्जिंग वायर आठवा. वाकून वाकून आधी तिचं प्लॅस्टिकचं आवरण फाटतं, आतली तांब्याची तार शाबूत असते. तसंच नसेवरही मायलिन नावाचं आवरण असतं. दाबाने आधी तेच खराब होतं आणि निरोप हळू जातो, म्हणजे लेटन्सी वाढते. हा सुरुवातीचा टप्पा. दाब कमी केला तर आवरण काही आठवड्यांत, महिन्यांत पुन्हा तयार होतं. दुर्लक्ष केलं तर पुढे आतली तारच तुटायला लागते आणि अँप्लिट्यूड घसरते. तुटलेले तंतू वाढतात, पण दिवसाला जेमतेम एक मिलिमीटरच्या गतीने, आणि सगळे परत येतीलच असं नाही.

संवेदनेचे तंतू आधी बिघडतात, स्नायूचे नंतर. म्हणून रिपोर्टमध्ये फक्त सेन्सरी बदल असतील तर 'माइल्ड', मोटरही मंदावली असेल तर 'मॉडरेट', आणि सेन्सरी निरोप नाहीसाच झाला किंवा अंगठ्याच्या स्नायूचा जोर उतरला तर 'सिव्हियर', असं साधारण लिहितात. शेवटच्या टप्प्यात अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट दिसायला लागतो. शर्टाचं बटण लागत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, हातातून कप निसटतो. गंमत अशी की तोवर दुखणं आणि मुंग्या कमी झालेल्या असू शकतात, कारण सांगणारे तंतूच उरलेले नसतात. "आता बरंय, आता दुखत नाही" म्हणणाऱ्या आजीचा अंगठा म्हणूनच एकदा नीट बघा, दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून.

चाचणी कधी करायची, कधी नाही

मुंग्या आल्या की धावत जाऊन चाचणी करा, असं मी सांगणार नाही. लक्षणं अगदी ठरावीक आणि थोडी असतील तर बरेच डॉक्टर आधी रात्री मनगटाचा पट्टा लावायला सांगतात आणि साधारण सहा आठवडे वाट बघतात. पट्टा घेताना एक बघा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांतली धातूची पट्टी मनगट मागे वाकवून धरते. आपल्याला मनगट सरळ हवं, तेव्हा ती पट्टी काढून सपाट करून घ्या. गरोदर बायकांमध्ये हा त्रास बाळंतपणानंतर बहुतेक वेळा आपोआप उतरतो, त्यांना सहसा पट्टाच पुरतो. थायरॉइड आणि शुगरची रक्ततपासणी मात्र आधीच करून घ्यावी. स्वस्त आहे, आणि कारण तिथेच सापडलं तर बरंच काम सोपं होतं.

चाचणी लागते ती पट्ट्याने फरक पडला नाही तर, पकड कमी झाली असेल तर, मान की मनगट हे ठरत नसेल तर, मधुमेह असल्यामुळे चित्र गढूळ झालं असेल तर. मधुमेहात सगळ्याच नसा थोड्या मंदावलेल्या असू शकतात, तिथे पुन्हा शेजारच्या नसेशी तुलनाच उपयोगी पडते. आणि ऑपरेशन ठरत असेल तर आधी चाचणी झालेली बरी. ऑपरेशनमध्ये तो वरचा पट्टा कापून बोगदा मोकळा करतात. नंतर जुन्या आकड्यांशी ताडून बघायला हा कागद हाताशी असतो.

घरी करता येणारी एक खूण आहे, उलटा नमस्कार. दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवायच्या, बोटं जमिनीकडे, कोपरं बाहेर, आणि एक मिनिट थांबायचं. ठरावीक बोटांत मुंग्या आल्या तर संशय वाढतो. अमेरिकन सर्जन जॉर्ज फेलन यांच्या नावाने ही खूण ओळखली जाते. मुंग्या नाही आल्या म्हणजे सुटलात असं मात्र नाही.

चाचणीलाही मर्यादा आहेत. खरा आजार असलेल्या काही जणांचा रिपोर्ट तुलनेच्या चाचण्या करूनही नॉर्मल येतो. उलट, स्वीडनच्या त्याच पाहणीत ज्यांना काहीच तक्रार नव्हती अशांपैकी १८ टक्के लोकांत नस मंद निघाली होती. म्हणजे नुसता कागद बघून कुणी ऑपरेशन सुचवलं तर दुसरं मत घ्या. नॉर्मल रिपोर्ट आणि चालू त्रास असेल तर मनगटाची सोनोग्राफी उपयोगी पडते. चेपलेली नस बोगद्याच्या तोंडाशी फुगलेली दिसते. किंवा काही महिन्यांनी चाचणी पुन्हा करतात.

हे सगळं हळूहळू वाढणाऱ्या मुंग्यांबद्दल आहे. एक हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर लेख बाजूला ठेवा आणि सरळ इमर्जन्सीत जा.

जायचं कुठे?

आधी ऑर्थोपेडिक किंवा न्यूरॉलॉजिस्टकडे. चिठ्ठीशिवाय थेट चाचणी करून घेण्यात अर्थ नसतो, कारण काय शोधायचंय ते चिठ्ठीत लिहिलेलं असावं लागतं. बेंगळुरूत होसूर रोडवरचं निम्हान्स लोकांना मानसिक आजारांसाठी माहीत असतं. १९७४ मध्ये इथलं जुनं मेंटल हॉस्पिटल आणि ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ एकत्र करून ते उभं राहिलं. पण त्याच्या नावातच न्यूरोसायन्सेस आहे, आणि नसा-मेंदूच्या आजारांसाठी दूरदूरच्या गावांहून लोक तिथे येतात. गर्दी असते, वेळ काढून जावं लागतं. खासगी लॅबमध्ये जात असाल तर फोनवर तीन गोष्टी विचारा. पैसे एका हाताचे की दोन्हींचे, ईएमजी त्यात धरली आहे की वेगळी, आणि रिपोर्टवर सही करणारे डॉक्टर कोण. दोन्ही हातांची करून घेणं चांगलं. त्रास एका हाताला वाटत असला तरी दुसराही पुष्कळदा सामील असतो.

रिपोर्ट मिळाला की त्याचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकू नका, नाहीतर पाच काका पाच तेलं सुचवतील. कागद मात्र जपून ठेवा, आकड्यांच्या पानासकट. बरेच जण फक्त शेवटचं 'इंप्रेशन'चं पान ठेवतात आणि बाकीची पानं रद्दीत जातात. पुन्हा चाचणी करायची वेळ आली तर शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, कारण प्रत्येक लॅबची अंतरं आणि मर्यादा थोड्या वेगळ्या असतात. ऑपरेशननंतर पुन्हा केली आणि आकडे पूर्ण नॉर्मलला आले नाहीत तर घाबरू नका. रात्रीची झोप परत आलेली असूनही नसेचा वेग थोडा मागेच राहिलाय, असं पुष्कळांच्या बाबतीत दिसतं.